हूकचा सांधा

रॉबर्ट हूक हे नाव मराठी वाचकाला शाळेच्या बाकावर भेटते. बुचाच्या पातळ कापात पेशी पाहणारा हूक आणि स्प्रिंगला जितका ताण द्यावा तितक्या प्रमाणात ती लांबते असे सांगणारा हूक, एवढीच त्याची ओळख पाठ्यपुस्तकातून होते. परीक्षा संपली की ते नाव मागे पडते. डोंगरातून, ओढ्यानाल्यांतून आणि दगडधोंड्यांवरून जीप हाकणाऱ्या हौशी मंडळींच्या आयुष्यात मात्र हा माणूस पुन्हा एकदा येतो, आणि बहुतेक वेळा त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

अमेरिकेतील जीप रँग्लर या गाडीचे उदाहरण घ्यावे. १९९७ ते २००६ या काळात तयार झालेली तिची पिढी आडवाटेच्या चालकांना विशेष प्रिय आहे. दगडांवर गाडीचे पोट घासू नये आणि मोठी चाके बसावीत म्हणून मालक मूळच्या स्प्रिंगा काढून उंच स्प्रिंगा बसवतो. गाडी चार इंच वर उचलली जाते, रुबाबदार दिसू लागते. आणि हमरस्त्यावर वेग धरताच तिच्या पोटातून एक बारीक थरथर सुरू होते. चाकांचे बॅलन्सिंग केले, टायर बदलले, तरी ती जात नाही. कारण दोष चाकांत नसतोच.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या आसाला वाटून देणे हे तिचे काम. या पेटीतून मागे डोकावणारा आउटपुट शाफ्ट आणि मागच्या आसावरचा डिफरन्शियल यांना प्रोपेलर शाफ्ट जोडतो. गाडी वर उचलली की पेटी वर जाते, आस मात्र जमिनीलगतच राहतो, आणि त्यांना जोडणारा हा आखूड शाफ्ट तीव्र उतारावर कलतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना, ज्यांना आपल्याकडील गॅरेजांत नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, तो कोन सोसत नाही.

आता मालकापुढे निवड उभी राहते. पेटी थोडी खाली उतरवून वेळ निभावून न्यावी, आहे तोच आउटपुट शाफ्ट कापून घ्यावा, की पेटी उघडून तो पूर्णपणे बदलावा? पैसे किती घालावेत, एवढाच हा प्रश्न नाही. दोष नेमका कुठे आहे आणि तो कशाने नाहीसा होतो, हे कळल्याशिवाय ही निवड करता येत नाही. ते कळण्यासाठी लागणारे गणित साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मांडले गेले. गाडी उचलणारी स्प्रिंग ज्याच्या नियमाने वागते, त्याच माणसाचे नाव इंग्रजी भाषेने त्या कुरकुरणाऱ्या सांध्याला दिले आहे.

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील गावच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मूल जन्मापासून अशक्त. ते जगेल की नाही याची घरच्यांना धास्ती. डोकेदुखीमुळे नियमित शिक्षण जमेना, तेव्हा वडिलांनी त्याला त्याच्या नादावर सोडून दिले. तो नाद यंत्रांचा होता. पितळेचे एक जुने घड्याळ कोणी उघडून ठेवलेले त्याने पाहिले आणि तसेच घड्याळ लाकडात तयार केले, ते चाललेही. १६४८ मध्ये वडील वारले तेव्हा तेरा वर्षांच्या या मुलाच्या वाट्याला चाळीस-पन्नास पौंडांची पुंजी आली. ती घेऊन तो लंडनला आला.

चित्रकलेत गती असल्यामुळे पीटर लेली या नामांकित चित्रकाराकडे तो काही काळ उमेदवारी करून पाहत होता. तेथे फार दिवस न रमता तो वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. रिचर्ड बझ्बी हे तेथील कडक शिस्तीचे मुख्याध्यापक. त्यांनी या मुलातले पाणी ओळखले. युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड त्याने आठवड्याभरात आत्मसात केले, अशी हकीकत त्याच्या मित्रांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. याच वयात त्याच्या पाठीला बाक येऊ लागला. लेथवर तासन् तास वाकून केलेल्या कामाला तो स्वतः त्याचा दोष देत असे. हा बाक वयाबरोबर वाढतच गेला.

१६५३ च्या सुमारास तो ऑक्सफर्डला गेला. पैसा नसल्याने इतरांची कामे करत शिकणे भाग होते. तेथे त्याला रॉबर्ट बॉइल भेटला. बॉइल सरदार घराण्यातला, धनवान आणि जिज्ञासू. हूक निर्धन, पण हातात विलक्षण कसब असलेला. बॉइलला हवा होता तसा हवा उपसण्याचा पंप हूकने तयार करून दिला. त्या पंपाच्या साहाय्याने झालेल्या प्रयोगांतून वायूचा दाब आणि आकारमान यांचा जो नियम सिद्ध झाला, तो बॉइलच्या नावाने जगभर शिकवला जातो. दुसऱ्याच्या कल्पनेला चालते यंत्र करून देणारा माणूस, ही हूकची भूमिका येथेच ठरून गेली.

१६६० मध्ये लंडनमध्ये रॉयल सोसायटीची स्थापना झाली. १६६२ च्या नोव्हेंबरात हूकची तेथे प्रयोगांचा व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली. दर आठवड्याच्या सभेत तीन-चार मोलाचे प्रयोग सादर करणे, शिवाय सभासदांच्या मनात येईल ती शंका प्रयोगाने तपासून दाखवणे, असे हे काम होते. एखाद्या नियतकालिकाने एकाच लेखकाकडून दर आठवड्याला चार नवे विषय मागावेत, तसाच हा प्रकार. या रगाड्यात त्याच्या डोक्यात असंख्य कल्पना आल्या आणि त्यांतल्या बहुतेक अर्ध्यावर राहिल्या. कारण पुढला बुधवार तोंडावर आलेला असे.

तरीही १६६५ मध्ये त्याचे ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली पिसू, माशीचा डोळा, बुरशी, सुईचे टोक यांची त्याने स्वतः काढलेली चित्रे पाहून लंडनकर थक्क झाले. बुचातील पोकळ्यांना त्याने ‘सेल’ हे नाव दिले ते याच ग्रंथात. त्याच वर्षी ग्रेशम कॉलेजात भूमितीचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. पगार वर्षाला पन्नास पौंड, राहायला कॉलेजातच खोल्या आणि अविवाहित राहण्याची अट. पुढली अडतीस वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्या खोल्या हेच त्याचे घर, कार्यशाळा आणि वेधशाळा होते.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडनला आग लागली. चार-पाच दिवसांत तेरा हजारांहून अधिक घरे आणि ८७ चर्च भस्मसात झाली. नव्या शहराची आखणी करण्यासाठी नगरपालिकेने जे सर्वेक्षक नेमले, त्यांत हूक होता. जळक्या ढिगाऱ्यांतून फिरून कोणाची भिंत कुठे होती, रस्ता रुंद करताना कोणाची किती जागा गेली, याचे मोजमाप करणे हे तंट्याबखेड्यांचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. मित्र ख्रिस्तोफर रेन याच्या खांद्याला खांदा लावून त्याने इमारतीही उभ्या केल्या. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फुटी स्तंभ हे त्या दोघांचेच काम. या पोकळ स्तंभाचा उपयोग आकाशाकडे रोखलेली उभी दुर्बीण म्हणून करण्याचा त्यांचा बेत होता. रस्त्यावरच्या वर्दळीच्या कंपनांमुळे तो साधला नाही, असे सांगतात. थरथर ही यंत्राची शत्रू असते, हे हूकला निराळे सांगावे लागत नव्हते.

सांध्याची गोष्ट सुरू होते ती आकाशनिरीक्षणातून. पोलंडमधील डान्झिग शहरी योहान्नेस हेवेलियस हा त्या काळचा नामांकित ज्योतिर्विद राहत असे. ताऱ्यांची स्थाने मोजताना तो नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवी. मोजणीच्या यंत्राला दुर्बीण लावण्यास त्याचा विरोध होता. हूकने १६७४ मध्ये त्याच्यावर टीका करणारी एक पुस्तिका लिहिली. टीकेचा सूर बोचरा होता आणि त्यावरून वाद पेटला. परंतु त्याच पुस्तिकेत हूकने आपल्या कल्पनेतील वेधयंत्राची रचनाही दिली होती. घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या या वेधयंत्राच्या वर्णनात, एका दांड्याची फिरकी तिरप्या दिशेने असलेल्या दुसऱ्या दांड्याला देणारा एक सांधाही होता.

रचना अगदी साधी. दोन दांड्यांच्या टोकांना दोन दुबेळकी चिमटे आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक तुकडा. त्या तुकड्याचे दोन समोरासमोरचे हात एका चिमट्यात, उरलेले दोन दुसऱ्यात. पहिला दांडा फिरला की दुसरा फिरतो, मग दोघांत कोन असला तरी चालते. ही कल्पना सर्वस्वी हूकची नव्हती. जहाज डोलले तरी होकायंत्र समतल राहावे म्हणून एकात एक बसवलेली कडी त्याच्या आधीपासून वापरात होती. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती जेरोलामो कार्डानो याने त्यांविषयी लिहिले होते. म्हणूनच युरोपात हा सांधा कार्डनच्या नावाने ओळखला जातो. हूकच्या आधी दहा वर्षे, १६६४ मध्ये, गास्पार शॉट या जर्मन विद्वानानेही अशा सांध्याचे वर्णन छापले होते.

मग हूकचे श्रेय कोणते? सांधा फिरतो यावर तो समाधानी राहिला नाही. तो कसा फिरतो हे त्याने पाहिले. पहिला दांडा अगदी एकसारख्या गतीने फिरवला तरी दुसरा तसा फिरत नाही. तो एका फेरीत दोनदा मागे रेंगाळतो आणि दोनदा पुढे धावतो. फेरी मात्र दोघांची एकाच वेळी पूर्ण होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. हूकला ही लबाडी दिसली, आणि ती कोणत्या नियमाने चालते हेही उमगले.

त्याच्या हे ध्यानात येण्यामागे सूर्यघड्याळ होते. सपाट तबकडीच्या सूर्यघड्याळावर तासांच्या रेघा सारख्या अंतरावर नसतात. सूर्य आकाशात एकाच चालीने सरकतो, पण त्याची सावली माध्यान्ही सावकाश आणि सकाळ-संध्याकाळी भरभर सरकते. सावलीची ही चाल आणि तिरप्या सांध्यातून फिरणाऱ्या दांड्याची चाल यांचे गणित एकच आहे, हे हूकने ओळखले. त्यामुळे सांध्याचा हा दोषच त्याने कामाला लावला. सांधा योग्य कोनात ठेवला की सूर्यघड्याळाच्या रेघा आपोआप आखून मिळत. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सूर्याकडे पाहण्याच्या उपकरणांविषयीच्या पुस्तकात त्याने या सांध्याला ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नाव दिले. आजही तेच नाव चालते.

या गणिताचा अर्थ आजच्या आकड्यांत असा होतो. दोन दांड्यांमध्ये दहा अंशांचा कोन असेल तर दुसऱ्या दांड्याची गती दर फेरीत सुमारे दीड टक्क्याने खालीवर होते. कोन वीस अंशांचा झाला की हा फरक सहा टक्क्यांवर जातो. कोन दुप्पट, तर दोष चौपट. रँग्लरची स्प्रिंग दोन इंच उंच केली तर काही जाणवत नाही आणि चार इंच केली तर गाडी थरथरते, यातले कोडे येथे सुटते. उंची जरी सावकाश वाढली, तरी दोष फार वेगाने वाढतो.

हूकने यावर उपायही सुचवला. एका सांध्याने गती बिघडते, तर दुसरा सांधा असा बसवावा की त्याने ती उलट्या बाजूने तेवढीच बिघडवावी. दोन्ही सांध्यांतील कोन सारखे असले आणि मधल्या दांड्यावरचे चिमटे एका रेषेत असले, तर पहिल्याचा दोष दुसरा पुरता खोडून काढतो आणि शेवटचा दांडा पहिल्याच्या चालीने फिरतो. दोष झाकायचा नाही, त्याला तितक्याच मापाचा विरोधी दोष भिडवायचा, असा हा विचार. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात, ते याच कारणाने.

याच १६७६ च्या पुस्तकात हूकने आणखी एक गोष्ट लपवून ठेवली होती. स्प्रिंगच्या ताणाचा नियम त्याने अक्षरे विस्कटून एका कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. शोध आपला असल्याचा पुरावा राहावा, पण दुसऱ्याला तो उचलता येऊ नये, यासाठी त्या काळचे विद्वान अशी कोडी रचत. हूकला त्याची गरज वाटू लागली होती, कारण आपले शोध लोक पळवतात अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

ती समजूत अगदीच निराधार नव्हती. १६७५ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने गुंडाळलेल्या स्प्रिंगवर चालणारे खिशातले घड्याळ जाहीर केले, तेव्हा ही युक्ती आपण आधीच दाखवली होती असे हूकने ओरडून सांगितले. सोसायटीच्या चिटणिसाने आपली गुपिते परदेशी कळवली, असा त्याचा आरोप होता. पण त्याच्या बाजूची अडचण अशी की त्याने दाखवलेल्या पुष्कळशा गोष्टी पुऱ्या झालेल्या नसत. कल्पना सुचली, नमुना केला, सभेत दाखवला आणि तो पुढल्या कामाला लागला. जो ती शेवटास नेई, तोच तिचा जनक ठरे. अर्ध्यावर सोडलेले काम पुढे आपल्यालाच छळते, हे हूकला फार उशिरा कळले.

याची सर्वांत मोठी किंमत त्याने आयझॅक न्यूटनशी झालेल्या वादात मोजली. १६७२ मध्ये न्यूटनने प्रकाश आणि रंग यांवर आपला पहिला निबंध सोसायटीकडे धाडला, तेव्हा हूकने त्यावर वरच्या पट्टीत टीका केली. न्यूटनने ती मनात ठेवली. १६७९-८० मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. ग्रहाची गती ही सरळ रेषेतील गती आणि केंद्राकडील ओढ यांच्या संयोगातून होते, आणि ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हा विचार हूकने त्यात मांडला. मात्र त्यावरून ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार येते हे गणिताने सिद्ध करणे त्याला साधले नाही. १६८४ च्या आरंभी रेन, एडमंड हॅली आणि हूक यांच्यात यावर चर्चा झाली. सिद्धता देणाऱ्यास रेनने चाळीस शिलिंगांचे पुस्तक देऊ केले. आपल्यापाशी ती आहे असे हूक म्हणाला, पण त्याने ती दिली नाही. हॅली न्यूटनकडे गेला आणि १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. हूकने आपला वाटा मागताच न्यूटनने ग्रंथातील त्याचे उल्लेख कमी करून टाकले.

त्याच वर्षी हूकची पुतणी ग्रेस वारली. त्याचा भाऊ जॉन याने १६७८ मध्ये आत्महत्या केली होती. ग्रेस त्याआधीपासून हूककडे राहून वाढली होती. हूकच्या रोजनिशीत तिच्याशी आलेल्या संबंधांच्या ज्या नोंदी आहेत, त्या आजच्या वाचकाला अस्वस्थ करतात. तिच्या मृत्यूनंतर तो एकलकोंडा आणि अधिकच संशयी झाला. व्याख्यानांसाठी कबूल केलेले पैसे सर जॉन कटलर या धनिकाने थकवले होते. त्यासाठीचा दावा हूकने बरीच वर्षे लढवला आणि १६९६ मध्ये जिंकला. शेवटच्या वर्षी त्याची दृष्टी गेली, पाय सुजले. ३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजातील खोलीत त्याने प्राण सोडला. कंगालासारखा राहणाऱ्या या माणसाच्या लोखंडी पेटीत आठ हजारांहून अधिक पौंड निघाले.

त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. प्रकाशावरचा आपला ग्रंथ त्याने १७०४ मध्ये, म्हणजे हूकच्या पश्चात, बाहेर काढला. १७१० मध्ये सोसायटी ग्रेशम कॉलेज सोडून नव्या जागेत गेली. हूकने स्वतः बनवलेली बहुतेक उपकरणे काळाच्या ओघात नाहीशी झाली. त्याचे खात्रीलायक असे एकही चित्र उपलब्ध नाही. न्यूटनने ते मुद्दाम नष्ट करवले अशी दंतकथा आहे, पण तिला पुरावा नाही. लंडनच्या सेंट हेलन चर्चमध्ये त्याला पुरले, तेथून एकोणिसाव्या शतकात अस्थीही हलवल्या गेल्या. राहिला तो पाठ्यपुस्तकातला एक नियम, आणि एक सांधा.

तो सांधा मात्र कामाला लागला. सुरुवातीच्या मोटारगाड्यांत इंजिनाची ताकद चाकांकडे नेण्यासाठी साखळ्या असत. त्या खडखडत, चिखलधुळीने झिजत. अमेरिकेत क्लॅरन्स स्पायसर या तरुण अभियंत्याने १९०३ मध्ये मोटारीसाठी बंदिस्त सांध्याचे पेटंट मिळवले आणि १९०४ मध्ये न्यूजर्सीत त्याचे उत्पादन सुरू केले. साखळी गेली, शाफ्ट आला. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची ट्रान्सफर केस आणि आस याच स्पायसर कंपनीचे होते. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत त्याच विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि हूकचा सांधा सह्याद्रीच्या घाटवाटांवर फिरू लागला.

विलीज जीपमध्ये पेटीच्या मुखाशी योक घट्ट बसवलेला असे आणि आस खालीवर होताना शाफ्टला लागणारी लांबीची सवलत शाफ्टमध्येच, त्याच्या खाचांच्या सरकत्या जोडात, दिलेली असे. पुढे रँग्लरच्या साध्या प्रकारांत ही सवलत पेटीच्या तोंडाशी आणली गेली. तिथला योक आउटपुट शाफ्टवर आत-बाहेर सरकतो. म्हणून त्याला ‘स्लिप योक’ म्हणतात. रचना स्वस्त आणि सुटसुटीत. पण पेटीची शेपटी लांब होते, प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड होतो, आणि आखूड शाफ्ट गाडी उचलताच अधिक कलतो. दोन टोकांचे कोन सारखे ठेवले तरी मधला शाफ्ट दर फेरीत दोनदा अडखळतच असतो. त्याच्या वजनाचे हिसके दोन्ही बाजूंना बसतात, आणि तीच ती थरथर.

आता मालकापुढचे तीन मार्ग पुन्हा पाहता येतात. पहिला मार्ग पेटीचा आधार सुमारे इंचभर खाली उतरवण्याचा. तो सर्वांत स्वस्त, पण ज्या उंचीसाठी खटाटोप केला तिचाच एक भाग त्यात परत द्यावा लागतो. आणि हूकच्या हिशेबाने पाहता दोष नाहीसा होत नाही, थोडा कमी होतो. दुसरा मार्ग आहे तो आउटपुट शाफ्ट कापून आखूड करण्याचा, त्याच्या टोकाला आटे पाडण्याचा आणि बोल्टने स्थिर योक बसवण्याचा. यात खर्च वाचतो. परंतु भोक शाफ्टच्या बरोबर मध्यावर पडले पाहिजे. तिथे चूक झाली तर नवा डगमगाट पदरात पडतो, आणि मूळचा शाफ्ट आहे तितकाच राहतो. तिसरा मार्ग पेटी उघडून आतला शाफ्टच बदलण्याचा. नवा शाफ्ट आखूड आणि दणकट असतो, पेटीची शेपटी कमी होते, योक नटाने पक्का बसतो. खर्च आणि मेहनत अधिक, पण भरवसाही अधिक. खडकांवर मोठी चाके घेऊन जाणाऱ्याने हाच पत्करावा.

शेवटच्या दोन मार्गांत प्रोपेलर शाफ्टही नवा घ्यावा लागतो, आणि खरा इलाज त्यातच असतो. या शाफ्टच्या पेटीकडील टोकाला एका सांध्याऐवजी दोन सांधे एकमेकांना खेटून बसवलेले असतात. कोन दोघांत अर्धा अर्धा वाटला जातो, एकाचा दोष दुसरा तिथल्या तिथे खोडतो, आणि लांब शाफ्ट एकसारख्या चालीने फिरतो. हूकने सुचवलेला जोड तोच. मधला दांडा तेवढा वितीएवढाही उरलेला नाही. मात्र मग खालच्या टोकाशी एकच सांधा राहतो, त्याचा दोष खोडायला कोणी नसते. म्हणून तेथील कोन जवळपास शून्य हवा. डिफरन्शियलचे नाक वर करून शाफ्टच्या रेषेत आणावे लागते. हे न करता नुसता शाफ्ट बदलणाऱ्याची थरथर तशीच राहते, आणि तो दुकानदाराला बोल लावत बसतो.

या बदलाचा आणखी एक लाभ आहे. स्लिप योक असलेल्या गाडीत मागचा शाफ्ट तुटला आणि काढून टाकला, तर पेटीचे तोंड उघडे पडून तेल वाहून जाते. स्थिर योकात तेल आतच राहते. मागचा शाफ्ट काढून, केवळ पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी रानातून घरी आणता येते. वस्तीपासून दूर भटकणाऱ्याला हे मोल थरथर थांबण्याहून मोठे वाटते. कारखान्यालाही ते पटले असावे. २००३ पासूनच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये स्थिर योक मुळातच बसवलेला आला.

आणि माप घ्यायचे ते सर्वांत शेवटी. जाड बंपर, जादा चाक, सामान हे सारे गाडीवर चढले, गाडी आपल्या चारही चाकांवर उभी राहिली, की मगच शाफ्टची लांबी आणि कोन मोजावे. कारण लादलेल्या वजनाच्या प्रमाणात स्प्रिंग दबणारच. तो नियमही हूकचाच आहे.

२००६ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या एका घरातील कपाटात पाचशेहून अधिक पानांचे एक बाड सापडले. हूकच्या हस्ताक्षरातील सोसायटीच्या सभांच्या नोंदी त्यात होत्या, आणि घड्याळाच्या वादासंबंधी हूकच्या दाव्याला बळ देणारा १६७० मधील सभेचा मजकूरही. सोसायटीने सुमारे दहा लाख पौंडांना ते मिळवले. तीनशे वर्षांनंतर का होईना, तक्रारखोर ठरलेल्या माणसाच्या काही तक्रारी खऱ्या होत्या, हे मान्य झाले. सांध्याच्या बाबतीत मात्र त्याला कसलीच फिर्याद करावी लागली नाही. तो पहिल्यांदा कोणी केला याचा वाद चालू राहील. पण त्यातले वैगुण्य मोजून त्यावर तोडगा शोधला तो हूकने, आणि हे काम त्याने अर्ध्यावर सोडले नाही. दोन क्रॉस खेटून बसवलेला नवा शाफ्ट घेऊन जीप हमरस्त्याला लागते, वेग वाढतो, आणि थरथर येत नाही. चालकाला त्या क्षणी हूक आठवत नाही. पण त्या निर्धास्त प्रवासात त्याचे पुरे झालेले काम फिरत असते.